क्लाउडवरचे मराठी कपाट : डेटाबेसची उभारणी आणि जोडणी

आमच्या वसतिगृहात मराठी मुलांचे एक लोखंडी कपाट आहे. सुट्टीहून परतताना प्रत्येकाने घरून एक तरी मराठी पुस्तक आणायचे, असा जुना रिवाज आहे. बेंगळुरूत कन्नड, इंग्रजी, हिंदी पुस्तके हवी तेवढी मिळतात. मराठीसाठी हे कपाटच आमचे वाचनालय. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, हे आजवर एका दोनशे पानी वहीत लिहिले जाई.

यंदा संगणकाच्या तासाला प्रकल्प मिळाला : क्लाउडवर एक डेटाबेस उभा करा आणि त्याला एखादे साधे ॲप जोडून दाखवा. आम्ही तिघांनी हे कपाटच घेतले. कोणत्या बटणावर क्लिक करायचे ते या लेखात सांगत नाही, कारण ते पडदे सारखे बदलतात. डेटाबेस उभा करायला आम्हाला वीस मिनिटे लागली. त्याला कोणी काय विचारायचे, हे ठरवायला तीन रविवार लागले. लिहिण्यासारखे आहे ते या तीन रविवारांचे.

क्लाउड म्हणजे कुठे?

क्लाउड हे नाव फसवे आहे. ढगात काही नसते. आपली माहिती जमिनीवरच्या एका इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकावर, भाड्याच्या जागेत असते. म्हणून खाते उघडल्यावर (ते आमच्या शिक्षकांच्या नावावर आहे, पंधराव्या वर्षी असे खाते आपले आपण उघडता येत नाही) पहिला प्रश्न येतो तो विभागाचा, म्हणजे ही इमारत कोणत्या शहरात हवी याचा. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, हैदराबादचा २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात केंद्रे उघडली त्यांत पुणे होते. गूगलने २०१७ मध्ये मुंबईपासून सुरुवात केली. देशभरचे संगणक अभियंते ज्या शहरात येतात तिथे बसून आम्ही माहिती ठेवायला मुंबई निवडली, याची आम्हालाच गंमत वाटली. मुंबईला महत्त्व मिळण्याचे एक कारण समुद्र आहे : परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या बऱ्याच तारा मुंबईच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात.

अंतराचा हिशेब भौतिकशास्त्राच्या वहीत मांडता येतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बेंगळुरू ते मुंबई सरळ रेषेत साधारण ८४० किलोमीटर. प्रश्न जाऊन उत्तर परत यायला कमीत कमी ८ मिलिसेकंद लागतात. अमेरिकेतला व्हर्जिनिया सुमारे १४ हजार किलोमीटर दूर, म्हणजे जाऊन येऊन १४० मिलिसेकंद. ॲपने एक पान दाखवायला डेटाबेसला एकामागून एक वीस प्रश्न विचारले, तर मुंबईसाठी पाव सेकंदही जात नाही, पण व्हर्जिनियासाठी जवळजवळ तीन सेकंद जातात. प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत नसतात, त्यामुळे वेळ याहून थोडा जास्तच लागतो.

तक्ते

आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून तो आला. तो खुला आहे आणि फुकट आहे. माहिती तक्त्यांत मांडायची आणि तक्ते एकमेकांशी सामाईक रकान्याने जोडायचे, ही मूळ कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० च्या एका निबंधात मांडली. हेच कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वैमानिक होते आणि पाण्यावर उतरणारी संडरलँड विमाने चालवत होते. आपल्या मासिकात एवढे तरी यायलाच हवे.

गावाकडच्या पालकांना ही कल्पना समजायला कॉड वाचण्याची गरज नाही. सातबारा आठवा. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची ते असते, नमुना १२ मध्ये त्या जमिनीत पीक कोणते ते. या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि गट नंबराने बांधलेल्या आहेत. दोन्ही एका कागदावर आल्या की झाला सातबारा. डेटाबेसच्या भाषेत याला जॉइन म्हणतात. नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. बदल आधी तिच्यात लिहिला जातो, प्रमाणित झाला की मग सातबाऱ्यावर चढतो. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी एका रोजनाम्यात लिहितो आणि मग तक्त्यात घेतो. मधेच वीज गेली, तर रोजनामा वाचून तो अर्धवट राहिलेले काम पुरे करतो. तलाठ्याच्या दप्तरात आणि सिलिकॉन व्हॅलीत एकच युक्ती स्वतंत्रपणे सुचली, असे मला वाटते.

आमचे तीन तक्ते आहेत : पुस्तके, प्रती आणि देवघेव. प्रती वेगळ्या का? एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतात आणि त्यांतली नेमकी कोणती बाहेर गेली ते कळायला हवे. 'एका प्रतीची एका वेळी एकच न मिटलेली नोंद' हा नियम आम्ही ॲपमध्ये न ठेवता डेटाबेसमध्येच घातला. दोन मुलांनी दोन संगणकांवरून एकाच क्षणी एकच प्रत मागितली, तर ॲपच्या दोन्ही खिडक्यांना ती मोकळी दिसू शकते. डेटाबेस मात्र दुसऱ्याला नकार देतो.

फाटक, ओळखपत्र, परवलीचा शब्द

आता जोडणी. ॲप प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर चालते, डेटाबेस मुंबईत आहे. मधल्या वाटेवर तीन पहारे आहेत.

पहिला फाटकाचा. कोणत्या पत्त्यावरून येणाऱ्यालाच आत घ्यायचे, याची यादी क्लाउडवर द्यावी लागते. सुरुवातीला ही यादी रिकामी असते आणि ॲप जोडले जात नाही. अशा वेळी शिकवणीचे बरेच व्हिडिओ सांगतात, 'सध्या सगळ्या जगाला उघडे ठेवा, नंतर बंद करा.' हे 'नंतर' कधी येत नाही. पोस्टग्रेसचा ठरलेला दरवाजा ५४३२ क्रमांकाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. आम्ही शाळेचा एकच बाहेरचा पत्ता यादीत घातला.

दुसरा पहारा उलट दिशेचा आहे आणि तो बहुतेक लोक सोडून देतात. संत्री येणाऱ्याला 'कौन आता है' विचारतो, पण येणाऱ्यानेही विचारायला हवे की हा संत्री खरा आहे का. डेटाबेसकडे स्वतःचे प्रमाणपत्र असते. ॲपने ते तपासून, नाव जुळले तरच पासवर्ड सांगायचा. मधली बातचीत सांकेतिक लिपीत जाते ती याच टप्प्यानंतर. नुसती सांकेतिक लिपी ठेवली आणि प्रमाणपत्र तपासले नाही, तर आपण गुपित अगदी जपून एखाद्या तोतयाच्या कानात सांगत असू.

तिसरा पहारा हुद्द्याचा. डेटाबेस तयार होताना एक सर्वाधिकारी वापरकर्ता मिळतो. तो तक्ते पाडूही शकतो. ॲपला त्याच्या नावाने आत सोडणे म्हणजे मेसच्या वाढप्याला कोतची, म्हणजे शस्त्रागाराची, किल्ली देणे. आम्ही ॲपसाठी वेगळा वापरकर्ता केला. त्याला पुस्तके व प्रती वाचता येतात, देवघेवीत ओळ घालता येते आणि त्या ओळीतले ठरावीक रकाने बदलता येतात. ओळ पुसता येत नाही. सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड शिक्षकांकडे बंद पाकिटात आहे.

जोडणीसाठी ॲपला पाच गोष्टी लागतात : सर्व्हरचा पत्ता, दरवाजाचा क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. यातली पाचवी कोडमध्ये लिहायची नाही. ती त्या संगणकावर वेगळी ठेवायची आणि ॲपने चालू होताना तिथून वाचायची. कोड आपण मित्रांना देतो, कधी सगळ्यांसाठी खुला करतो, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर निघून जातो.

जोडणी झाली नाही तर काय बिघडले, हे नकाराच्या तऱ्हेवरून कळते. ॲप बराच वेळ नुसते थांबून मग वेळ संपल्याचे सांगत असेल, तर बहुधा फाटकावर अडले आहे. तिथला पहारेकरी नाहीही म्हणत नाही, तो गप्प राहतो. लगेच 'जोडणी नाकारली' आले, तर पत्ता बरोबर आहे पण त्या दरवाजामागे डेटाबेस चालू नाही. पासवर्ड चुकल्याचा निरोप आला तर आनंद माना, कारण तुम्ही शेवटच्या पहाऱ्यापर्यंत पोहोचला आहात. प्रकल्प करणाऱ्या ज्युनिअर्सनी एवढा परिच्छेद वहीत उतरवून घ्यायला हरकत नाही.

'पीछे मुड़' नावाचा मुलगा

कल्पना करा, प्लॅटूनमध्ये एका कॅडेटचे नावच 'पीछे मुड़' आहे. हजेरी घेणाऱ्याने यादीतून ते नाव मोठ्याने वाचले आणि सगळी प्लॅटून पाठ फिरवून उभी राहिली. आज्ञा आणि नाव एकाच आवाजात, एकाच दमात आले की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

ॲपमध्ये हेच घडू शकते. शोधण्याच्या चौकटीत वाचक पुस्तकाचे नाव लिहितो. ॲपने ते नाव आज्ञेच्या वाक्यात तसेच चिकटवून डेटाबेसला पाठवले, तर खोडकर माणूस नावाऐवजी आज्ञेचाच तुकडा लिहितो, आणि डेटाबेस तो इमानदारीने पाळतो. जगभरच्या किती तरी चोऱ्या एवढ्याशा फटीतून झाल्या आहेत. उपाय कवायतीच्या मैदानावरचाच आहे. आज्ञा आधी सांगायची, तिच्यात नावाची जागा मोकळी ठेवायची, आणि नंतर नाव वेगळे द्यायचे : 'आता मी जे वाचीन ते फक्त नाव आहे, कोणी हलायचे नाही.' पोस्टग्रेस आणि पायथन यांच्यात ही सोय तयार आहे. ती वापरायला एक ओळही जास्त लागत नाही.

ळ कुठे बसतो?

इथपर्यंतचे इंग्रजी पुस्तकांत सापडते. पुढचे आम्हाला कपाट मराठी असल्यामुळे शिकायला मिळाले.

प्राथमिक शाळेत आपण वर्णमाला म्हणतो तेव्हा ह नंतर ळ येतो, मग क्ष आणि ज्ञ. संगणकाच्या युनिकोड यादीत मात्र ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, आणि क्ष हे स्वतंत्र अक्षर नाहीच. ते क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांनी होते. त्यामुळे साध्या क्रमाने यादी लावली की 'कळप' हा 'कवच'च्या आधी येतो आणि 'क्षितिज' थेट क च्या घरात जाऊन बसते. पोस्टग्रेसमध्ये भाषेनुसार क्रम लावता येतो. मराठीचा क्रम निवडला की ळ आणि क्ष आपापल्या जागी येतात. हिंदीचा क्रम निवडून भागत नाही, हे लक्षात ठेवा.

लांबीचेही तसेच. 'क्षितिज' डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, डेटाबेस सात चिन्हे मोजतो, आणि साठवायला २१ बाइट लागतात. नावाच्या रकान्याला इंग्रजीच्या अंदाजाने वीसची मर्यादा घातली, तर मराठी नावे त्यात मावणार नाहीत.

सगळ्यात चिवट निघाला तो 'ऱ्ह'. अत्र्यांचे आत्मचरित्र 'कऱ्हेचे पाणी' कपाटात समोर दिसत होते आणि ॲप म्हणत होते, असे पुस्तक नाही. अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : काही कीबोर्ड ऱ हे वेगळे अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. छापले की दोन्ही अगदी सारखे. डेटाबेससाठी मात्र ती दोन वेगळी नावे. आता नाव तक्त्यात जाण्याआधी आणि शोधण्याआधी ॲप सगळे एकाच तऱ्हेचे करून घेते. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द असलेली सगळी नावे त्यामुळे सापडू लागली. एखाद्या मराठी संकेतस्थळावर आपलेच गाव सापडत नसेल, तर एकदा अर्धा र बदलून पाहा.

काय लिहायचे नाही

देवघेवीच्या तक्त्यात कोणते रकाने हवेत, यावर दुसरा रविवार पूर्ण गेला. सुचवण्या भराभर आल्या : नाव, रोल नंबर, हाउस, पालकांचा फोन, रक्तगट, सुट्टीच्या तारखा. 'असू द्या, कधीतरी लागेल.' रकाना वाढवायला काही पडत नाही, म्हणून मोह होतो.

हा वाद देशात आमच्याआधी झाला आहे, आणि बराचसा बेंगळुरूशी जोडलेला आहे. आधारचे तंत्रज्ञान केंद्र याच शहरात आहे. पहिला आधार क्रमांक मात्र २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आधारच्या रचनेत एक गोष्ट मला फार आवडली. ओळख पटवणारे ॲप केंद्राला जेव्हा विचारते की ही व्यक्ती हीच का, तेव्हा उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असते. ओळ बाहेर येत नाही. संमतीने माहिती देण्याची ई-केवायसी ही सोय वेगळी आहे. आणि याच आधारला आव्हान देणारी याचिका २०१२ मध्ये ज्यांनी केली ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हेही बेंगळुरूचेच. त्यांच्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हा साधारण नियम आहे. म्हणजे आमच्या तक्त्यातला प्रत्येक वाचक बालक, आणि तक्ता लिहिणारे आम्हीही बालकच.

आमच्यातला एक जण कोतचे रजिस्टर आदर्श मानत होता. कोणती रायफल कोणी, किती वाजता नेली, कधी परत केली, सगळे कायमचे. खोडरबर नाही. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. रायफलीच्या बाबतीत तसेच हवे. पण पुस्तक रायफल नाही. कपाटात साहसकथा आहेत, तशीच आजारपणावरची, घरातल्या मृत्यूवरची, नापास होऊन पुन्हा उभे राहण्यावरचीही पुस्तके आहेत. ती कोणी नेली हे वर्षभर यादीत दिसणार असेल, तर ज्याला त्यांची खरी गरज आहे तोच ती नेणार नाही. वहीच्या काळातही काही पुस्तके नोंद न करताच कपाटातून जात आणि न सांगता परत येत. कोणीही ती चोरी समजत नसे.

शेवटी ठरले ते असे. प्रत बाहेर असेपर्यंत ओळीत फक्त नेणाऱ्याचा कॅडेट क्रमांक असतो, तोही एकट्या ग्रंथप्रमुखाला दिसतो. पुस्तक परत आले की ॲप तो रकाना रिकामा करते आणि तारखा तेवढ्या उरतात. कोणते पुस्तक किती वेळा गेले ते कळते, कोणाकडे गेले ते कळत नाही. बाकी सगळ्यांसाठी ॲप एकाच प्रश्नाचे उत्तर देते : हे पुस्तक आत्ता कपाटात आहे का? हो किंवा नाही.

एका वर्गमित्राच्या वडिलांनी भेटीच्या दिवशी विचारले, "मुलगा काय वाचतोय ते आम्हाला घरी दिसेल का रे?" काकांच्या प्रश्नात काळजीच होती. मी त्यांना सांगितले की ॲप ते सांगू शकत नाही, आम्ही त्याला तसे बनवलेच नाही. रविवारच्या फोनवर त्यालाच विचारा, तो गोष्टही सांगेल.

बॅकअपचे तेवढे राहिले. क्लाउड रोज रात्री डेटाबेसची एक नक्कल काढून ठेवतो. आम्ही ती सात दिवस ठेवायचे ठरवले आणि एकदा जुन्या नकलेवरून नवा डेटाबेस उभा करून पाहिला, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. तो उभा राहिला, आणि त्यात आधीच परत आलेल्या एका पुस्तकासमोर कॅडेट क्रमांक तसाच होता. तक्ता विसरला तरी नक्कल विसरत नाही. सातवीतल्या एका मुलाने परवा विचारले, "पुस्तक परत केल्यावर माझा नंबर कधी जातो?" त्याला मी सांगितले, तक्त्यातून लगेच, आणि सगळीकडून आठव्या दिवशी. त्याने मनात काहीतरी मोजले आणि कपाटाकडे गेला.